उन्हाळ्यात १६०० मीटरचं टायमिंग घसरतं तेव्हा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका २३ वर्षांच्या मुलाचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय. फेब्रुवारीत त्याचं १६०० मीटर ५ मिनिटं १४ सेकंदांत होत होतं, एप्रिल संपता संपता ते ५:३८ वर गेलं. १०० मीटरही १२.८ वरून १३.३ सेकंदांवर आलं. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला, आठवड्याचे सातही दिवस सराव चालू आहे. तिघं मित्र पत्र्याच्या खोलीत राहतात. जेवण जात नाही, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी उठल्यापासूनच पाय जड. त्यानं विचारलंय: सर, मी कमजोर झालोय का? राऊंड वाढवू का? आणि खोलीतला एक जण पळायच्या आधी इंजेक्शन घेतो, ते घेतलं तर चालेल का?

तू कमजोर झालेला नाहीस, थकलेला आहेस. राऊंड वाढवायचे नाहीत, निम्मे करायचे. इंजेक्शनाला हातही लावायचा नाही, त्याचं कारण पुढे सविस्तर लिहितो. बावीस वर्षं मी मैदानावर आहे, मराठवाड्यातली आणि विदर्भातली पोरं-पोरी पळवतो, आणि दर वर्षी एप्रिल-मे आला की असे मेसेज सुरू होतात. बहुतेकांना वाटतं की पळताना लागणारं ऊन आपला वेग खातंय. ऊन वेग खातं हे खरं, पण तुला वाटतंय तिथे नाही.

आधी एक हिशेब करू. तुझं वजन ६५ किलो धरू. एक किलोमीटर पळायला साधारण ६५ किलोकॅलरी लागतात, म्हणजे १६०० मीटरला शंभरेक. त्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा पाय उचलायच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. ६५ किलोचं शरीर एका अंशानं तापवायला सुमारे ५४ किलोकॅलरी लागतात. म्हणजे त्या पाच मिनिटांत अंगातून जराही उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं, तरी शरीराचं आतलं तापमान दीड अंशानं वाढेल. ३७ वरून साडेअडतीस. एवढ्यानं कोणी मैदानात बसत नाही.

माणूस बसतो तो ४० अंशांच्या आसपास. १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी प्रत्येक बॅचला सांगतो. ४० अंश तापमानाच्या खोलीत काही सायकलपटूंना थकून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली. एकदा आधी पाण्यात बसवून अंग थंड करून, एकदा नेहमीच्या तापमानावर, एकदा अंग गरम करून. सुरुवातीचं तापमान साधारण ३६, ३७.४ आणि ३८.२ अंश होतं. थंड अंगानं सुरुवात केली तेव्हा ते सरासरी ६३ मिनिटं टिकले, नेहमीच्या अंगानं ४६ आणि गरम अंगानं फक्त २८. पण तिन्ही वेळा ते थांबले तेव्हा आतलं तापमान जवळपास एकच होतं, ४० अंशांच्या किंचित वर. पायात ताकद शिल्लक असते, पण मेंदू स्नायूंना पुरेसा हुकूम देईनासा होतो. तो शरीराचा ब्रेक आहे आणि तो जीव वाचवण्यासाठी आहे. हे वाक्य लक्षात ठेव, इंजेक्शनाच्या वेळी पुन्हा लागेल.

आता तुझ्याकडे वळू. तुझी परीक्षा पाच मिनिटांची आहे, पण तुझा सराव एकेका वेळी सव्वा-दीड तासाचा, दिवसातून दोनदा, सात दिवस. ऊन तुला गाठतं ते या सरावात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सायकलपटूंना सारख्याच जोरानं सायकल मारायला लावली होती. ११ अंशांच्या हवेत ते सरासरी साडेत्र्याण्णव मिनिटं टिकले, ३१ अंशांत बावन्न मिनिटंसुद्धा नाही. माणूस तोच, जोर तोच. परभणीत संध्याकाळी पाचला एप्रिलअखेर ३१ अंश कुठले, ते ३९-४० असतात, आणि मैदानाची माती दिवसभर तापलेली असते ती वेगळीच.

असं का होतं? हृदयाला एकाच रक्तातून दोन गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. पायाच्या स्नायूंना प्राणवायू हवा आणि कातडीला उष्णता बाहेर टाकायला रक्त हवं. त्यात घामावाटे रक्तातलं पाणी कमी होत जातं, म्हणून एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि ठोके वाढवून भरपाई करावी लागते. फेब्रुवारीत ज्या वेगाला तुझे १५० ठोके पडायचे, त्याच वेगाला आता १६५ पडत असतील. तू वहीत लिहितोस ‘हलका रन, ५ किलोमीटर’, पण तुझ्या हृदयानं तो हलका म्हणून पळलेलाच नसतो. आठवड्याला चार हलके रन असे आतून जड झाले की विश्रांतीचा एकही दिवस उरत नाही. शिवाय उष्णतेत स्नायू त्यांच्यातली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, जास्त वेगानं जाळतात, आणि तुला जेवण जात नाही म्हणतोस. खर्च वाढला, जमा घटली.

हा थकवाच आहे, नुसतं ऊन नाही, हे मी इतक्या ठामपणे सांगतोय ते तुझ्या १०० मीटरच्या टायमिंगवरून. १९९९ ते २०११ या काळातल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांचे निकाल तपासले गेले, तेव्हा दिसलं की २५ अंशांपेक्षा गरम हवेत छोट्या स्प्रिंट सुमारे २ टक्क्यांनी चांगल्या झाल्या आणि मॅरेथॉन सुमारे ३ टक्क्यांनी मंदावली. गरम स्नायू जोरात आणि पटकन आकुंचन पावतो, म्हणून उन्हात १०० मीटर बिघडायला नको. तुझं तर अर्ध्या सेकंदानं बिघडलं. हातातल्या स्टॉपवॉचवर एक-दोन दशांश इकडेतिकडे होतात, अर्धा सेकंद होत नाही. माझ्या मैदानावर मी हीच खूण वापरतो. १६०० घसरलं आणि १०० मीटर व गोळाफेक जागच्या जागी, तर हवा बदलल्यावर टायमिंग आपोआप परत येतं. तिन्ही घसरली तर पोरगं आतून थकलंय, तिथे हवा बदलून भागत नाही.

या थकव्यातला सर्वांत मोठा वाटा तुझ्या रात्रीचा आहे. गाढ झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ते उतरतं हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर गेल्यावर. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत वरून शेक देत राहतो, त्यात लाईट गेली तर पंखाही बंद. तू दोनला झोपतोस, साडेपाचला उठतोस. साडेतीन तास. सरावानं झालेली स्नायूंची झीज भरून काढायचं काम मुख्यतः झोपेत चालतं. ते काम निम्मं राहिलेल्या अवस्थेत तू रोज पुन्हा मैदानात उतरतोस. महिनाभर असं चाललं तर फेब्रुवारीतला मुलगा एप्रिलमध्ये दिसणारच नाही.

म्हणून पहिली सुधारणा झोपायच्या जागेची. घरमालकाला विचारून शेजारच्या स्लॅबच्या गच्चीवर झोपता येतं का बघ. मच्छरदाणी मात्र हवी, डेंगी झाला तर दोन महिने जातील. गच्ची मिळत नसेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर पत्र्यावर दोन-तीन बादल्या पाणी मारा, गोणपाट ओलं करून वर टाका. परभणीच्या कोरड्या हवेत त्यानं खोली लक्षणीय उतरते. झोपायच्या तासभर आधी साध्या पाण्यानं अंघोळ कर. बर्फाचं पाणी नको, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. दुपारी जेवण झाल्यावर तासभर झोप घे. आमच्याकडे दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणतात, पण भरतीच्या पोरासाठी तो सरावाचाच भाग आहे. शक्य असेल तर लायब्ररीच्या थंड हॉलमध्ये वाचायची वेळ दुपारी साडेतीन-चारची ठेव.

आता सराव. पुढचे चार दिवस पळणं पूर्ण बंद. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, हलकं स्ट्रेचिंग, बस. चार दिवसांत फिटनेस जात नाही, हे मी शंभर पोरांवर पाहिलंय, पण प्रत्येकाला ते पटवताना तेवढाच घाम गाळावा लागतो. पाचव्या दिवसापासून आठवड्याला पाचच दिवस आणि दिवसाला एकच सराव. सकाळी साडेसहाऐवजी सव्वापाचला मैदानात ये. दिवसातली सर्वांत थंड हवा सूर्य उगवायच्या सुमारास असते. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहा-सहाला उजाडतं आणि साडेसातनंतर ऊन चटके देतं. वेगाचा सराव आठवड्यात दोनदाच: एक दिवस ४०० मीटरचे पाच, मध्ये पूर्ण दम खाऊन, आणि एक दिवस १५०-२०० मीटरचे सहा. बाकीचे दिवस इतकं हळू पळायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर चालायला लाग, घड्याळाकडे बघू नकोस. गोळाफेक आणि ताकदीचा व्यायाम संध्याकाळी सहानंतर सावलीत.

उन्हाला पूर्ण टाळायचंही नाही. शरीर उष्णता शिकतं. सात ते चौदा दिवस रोज तासभर गरम हवेत हलका व्यायाम झाला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तू परभणीतच राहतोस, पळतोस, त्यामुळे तुझं हे शिक्षण झालेलंच आहे. वर्षभर वातानुकूलित खोलीत बसून मे महिन्यात सुट्टीवर गावी येऊन अचानक पळायला लागणाऱ्यानं मात्र पहिले दोन आठवडे निम्म्यावर पळावं. तापामुळे किंवा परीक्षेमुळे आठ-दहा दिवस खंड पडला तरी हे शिक्षण बरंच उतरतं, मग पुन्हा हळू सुरुवात करायची.

पाण्याचं सांगतो. प्रत्येकाला ‘दिवसाला पाच लिटर प्या’ असं सांगणं मला पटत नाही. आमच्या मैदानावर एक साधा वजनकाटा ठेवलाय. सरावाच्या आधी चड्डीवर वजन, सरावानंतर अंग पुसून पुन्हा वजन. गेल्या उन्हाळ्यात दोन मित्र एकत्र, एकाच वेगानं तासभर पळाले. एकाचं वजन ७०० ग्रॅमनं घटलं, दुसऱ्याचं एक किलो ८०० ग्रॅमनं. दुसऱ्याच्या काळ्या टी-शर्टवर पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, पहिल्याचा टी-शर्ट नुसता ओला. दोघांना सारखंच पाणी सांगितलं तर एकाला जास्त होईल, दुसऱ्याला कमी पडेल. तुझं वजन ६५ असेल तर एक किलो ३०० ग्रॅमपेक्षा जास्त घट म्हणजे २ टक्क्यांच्या वर, तिथून पुढे पळण्यावर परिणाम दिसायला लागतो. जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन आदल्या सकाळच्या जवळ आलं नाही तर त्या दिवशी वेगाचा सराव नाही.

नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर घामात साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ जातं. त्यासाठी महागड्या रंगीत बाटल्या लागत नाहीत. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-साखर-मीठ किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारं ओआरएस उत्तम. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ डोळ्यांनी अंदाज घेऊन टाकू नकोस. दुसरं टोकही तितकंच वाईट. तहान नसताना लिटरवर लिटर साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ते नेहमीच्या पातळीपेक्षा कमी सापडलं होतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय.

जेवण जात नाही कारण तू ते भर उन्हात, सरावाला लागून जेवतोस. सकाळच्या सरावानंतर अर्ध्या तासात दोन केळी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे, ते उतरतं. मोठं जेवण साडेनऊ-दहाला, ऊन चढायच्या आत, आणि दुसरं रात्री आठला. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. तुला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम लागतात, म्हणजे दिवसभरात तीन भाकरी, दोन वाट्या भात, केळी आणि गूळ एवढं व्हायलाच हवं. उन्हाळ्यात माझी पोरं दहीभात जास्त खातात, तो घशाखाली सहज जातो. खानावळीतल्या तर्रीदार भाज्या दोन महिने बाजूला ठेव. वरण, उसळ, अंडी असतील तर अंडी.

आता इंजेक्शन. तुझा मित्र घेतो ते बहुधा मेफेंटरमाइन असावं, जिममध्ये आणि मैदानाच्या कडेला तेच चोरून विकलं जातं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. ते अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या कुळातलं आहे. थकवा जाणवत नाही, छाती धडधडते, पोराला वाटतं आज आपण उडतोय. मघाचा ब्रेक आठव. मेंदू ४० अंशांना जो ब्रेक लावतो तो हे औषध काढून टाकतं. उष्णता तेवढीच साठते, फक्त तुला कळत नाही. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू असाच गेला. कडक ऊन, अंगात अँफेटामिन. तो सायकलवरून पडला, लोकांनी त्याला पुन्हा सायकलवर बसवलं, थोडं पुढे जाऊन पुन्हा कोसळला. विश्वविजेता राहिलेला माणूस होता, वय २९. तुझ्या मित्राला हे वाचून दाखव. त्याला रागावू नकोस, पण आज रात्रीच दाखव.

पेनकिलरचंही तेच. पोटऱ्या दुखतात म्हणून सरावाआधी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणारी पोरं मला दर वर्षी भेटतात. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही औषधं मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. सरावानंतर लघवी गडद, कोक किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर तो स्नायू फुटल्याचा इशारा असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वजन उतरवायला रेनकोट किंवा जाड जॅकेट घालून पळणं तर ताबडतोब थांबवा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत वजनगट गाठण्यासाठी असाच घाम काढणारे तीन कॉलेज पैलवान महिनाभरात दगावले. त्यात जातं ते पाणी, चरबी नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या मुलामुलींसाठी एक वेगळी विनंती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती करून घ्या. आजार नसून नुसते वाहक असलात तरी भर उन्हात एकदम जीव तोडून पळाल्यावर स्नायू फुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वाहक असलं तरी पळता येतं, भरती होता येतं. सराव हळूहळू चढवायचा, मध्ये पूर्ण विश्रांती घ्यायची आणि आपल्या प्रशिक्षकाला ते सांगून ठेवायचं, एवढं पाळा.

उष्माघात ओळखायला शिका, कारण मैदानात तुमच्यातलाच कोणी तो आधी पाहणार आहे. बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्याकडे पाच किलोमीटरची ट्रायल होती. शेवटच्या राऊंडला एक मुलगा आतल्या लेनमधून तिरका तिरका बाहेर यायला लागला. हात लोंबत होते. जवळ गेलो तर अंगावरून घाम निथळतोय आणि दंडावर काटा आलेला, भर उन्हात. नाव विचारलं, त्यानं स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं. पुन्हा विचारलं तर माझ्याकडे रोखून बघत राहिला आणि उलट्या दिशेनं पळायला निघाला. लोकांची समजूत अशी की उष्माघातात घाम थांबतो, अंग कोरडं पडतं. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम बऱ्याचदा चालूच असतो. खूण असते ती डोक्याची: बरळणं, भांडणं, तोल जाणं, साध्या प्रश्नाचं उत्तर न येणं.

मैदानाबाहेर कांद्याचा टेम्पो उभा होता. त्याची ताडपत्री ओढून आणली, चार पोरांनी चार कोपरे उचलून धरले, मध्ये मुलाला निजवलं आणि टाकीतलं पाणी बादलीनं ओतत राहिलो. फाटकाजवळच्या रसवंतीवाल्यानं न विचारता बर्फाची अख्खी लादी फोडून दिली. तोंड पाण्याबाहेर, एक जण मान धरून, बाकीचे ताडपत्री हलवतायत म्हणजे अंगाजवळचं तापलेलं पाणी सरकत राहील. पंधरा मिनिटांनी तो थडथड कापायला लागला आणि म्हणाला, सर, माझे बूट कुठेत? मग आम्ही त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. क्रम हाच ठेवायचा, आधी थंड करायचं, मग हलवायचं, आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन मात्र पहिल्याच मिनिटाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टच्या उकाड्यात फाल्मथची सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत २७४ जणांना उष्माघात झाला, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं, आणि सगळेच्या सगळे जगले. आपल्याकडे २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवार दगावले, आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. अंतर कमी झालं हे चांगलंच झालं. पण प्रत्येक मैदानावर पाण्यानं भरलेला एक टब आणि बर्फाच्या चार लाद्या असाव्यात, यासाठी मी गेली कित्येक वर्षं जिथे जातो तिथे बोलतोय आणि बोलत राहणार.

भरतीच्या दिवसाचं. मैदानी चाचणी मुंबई, ठाणे, रायगडकडे असेल तर तिथलं ऊन वेगळं आहे. घाम हवेत उडाला तरच अंग थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, नुसता टपकला तर काहीच नेत नाही. परभणीत घाम दिसायच्या आत वाळतो, किनाऱ्यावर तो नुसता ओघळतो. तिथे ३३ अंशसुद्धा आपल्या ४० सारखे लागतात. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीनं मध्यरात्री ठेवली होती. सूर्य नव्हता, पण दमट उकाडा तसाच होता. ६८ जणींनी सुरुवात केली, ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या.

तुझ्यासाठी खरा धोका पळण्याचा नाही, थांबण्याचा आहे. पहाटे चारला रांगेत उभं राहायचं, कागदपत्रं, छाती-उंची, आणि नंबर येतो दहा-अकराला. तोपर्यंत अंग साडेअडतीसला पोचलेलं असेल तर मघाचा दीड अंश तुला थेट चाळिसावर नेऊन ठेवेल. म्हणून त्या दिवशी सावली सोडायची नाही. मोठा सुती रुमाल ओला करून डोक्यावर आणि मानेवर. किनाऱ्यावर ओल्या रुमालाचा उपयोग कमी होतो, तिथे थर्मासमध्ये बर्फाचा चुरा ने. चांगल्या पाण्याचा बर्फ घरीच करून फोड. एका प्रयोगात ३४ अंशांच्या हवेत पळण्याआधी बर्फाचा चुरा प्यालेले धावपटू सरासरी ५० मिनिटं टिकले, नुसतं थंड पाणी प्यालेले ४१. अर्ध्या तासात ग्लास-दीड ग्लास पुरे. वॉर्म-अप दहा मिनिटांचा, सावलीत. २५ मिनिटं राऊंड मारून अंग तापवणारी पोरं तुला तिथे दिसतील, त्यांच्या मागे लागू नकोस. १०० मीटर आणि १६०० मध्ये वेळ मिळाला तर बूट-मोजे काढून हात-पाय पाण्यात बुडव.

रोज सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आत, मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोज आणि वहीत लिही. आठवड्याची सरासरी काढ. सरासरीपेक्षा सहा-सातनं जास्त आली तर त्या दिवशी फक्त हलकं पळणं, दहानं जास्त आली तर मैदानात यायचंच नाही. शेजारच्या रकान्यात झोपेचे तास आणि वजन लिही.

चौदाव्या दिवशी सकाळी साडेपाचला १०० मीटर घे. १६०० नको. १३ च्या आत आलास तर पाय परत आलेत, त्यानंतर तीन दिवसांनी १६०० मीटरची एक ट्रायल लाव आणि मला कळव. १३ च्या बाहेरच राहिलास, किंवा नाडी अजून वरच असली, तर सरावात आणखी बदल करत बसू नकोस. सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, कावीळ आणि विषमज्वराची तपासणी करून घे आणि रिपोर्ट आल्यावर वहीचा फोटो सोबत पाठव.